आत्याचा दगड मी कसा वाचला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, वडिलांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आत्याला ओळखत नव्हता म्हणून — बहुतेक. ओळखत असता तर माझी जीभ रेटली नसती.

मी पनवेलच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवते. आम्ही आगरी, आमच्याकडे संस्कृत म्हणजे लग्नाला बोलावलेल्या भटजींची भाषा. बारावीनंतर मी ते घेऊन पुढे शिकायचं म्हटलं तेव्हा वडील म्हणाले, "त्याचं पुडं करनार काय?" माझ्या बाजूने एकटी हिराआत्या उभी राहिली — वडिलांची थोरली बहीण, विधवा, करंजाड्याच्या अलीकडे भाताचं शेत एकटीने सांभाळणारी. "शिकू दे रं तिला," म्हणाली, "आपल्यात कोनाला तरी जुनं वाचता येऊ दे."

जुनं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. तिच्या शेताच्या बांधावर एक दगड होता. कमरेएवढा, शेंदराने माखलेला, वर चंद्र-सूर्य कोरलेले, त्यांच्याखाली झिजलेल्या ओळी. घरात त्याला 'बांधावरची आई' म्हणत. भात झोडून झालं की आईला नारळ, कोंबडा आणि तांदळाची भाकरी. आत्याने यात एक वर्ष चुकवलं नव्हतं.

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मला जुन्या लिप्या आणि शिलालेख हा विषय होता. शिकून जेमतेम सहा महिने झालेले, आणि मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी. त्या वर्षी पूजेला सगळं घर बांधावर जमलं आणि आत्याने मला पुढे केलं. "वाच गो बाय. आई काय बोलते तं आमाला पन कलू दे."

मी वाकून पाहिलं. चार-दोन अक्षरं ओळखू आली, बाकी काही नाही. पण अगदी खाली, शेंदराच्या थरातून, एक आकृती दिसत होती — बाई आणि गाढव. ती मात्र मी लगेच ओळखली. वर्गात फोटो पाहिले होते. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. राजाने दिलेली जमीन जो बळकावेल त्याच्या आईवरची ती शिवी असते, चित्रासकट कोरलेली. आणि आत्या माझ्यामागे पदर सावरून, हात जोडून उभी. तिला मी काय सांगणार होते?

तुम्ही म्हणाल, संकोचापायी खोटं बोललीस, त्यात एवढं काय? मीही बरीच वर्षं स्वतःला हेच ऐकवलं. पण ते खरं नाही. मला वाचता येत नाही — एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. शिवीचा विषयच निघाला नसता. पण वडील बघत होते. चुलते हसायच्या तयारीत होते. मी ओळींवरून बोट फिरवत, मधेच अडखळत — हो, अडखळायचं नाटकसुद्धा केलं — म्हणाले, "जोवर चंद्र-सूर्य आहेत, तोवर ही जमीन या घरातून जाणार नाही."

चंद्र-सूर्याचं वाक्य पुष्कळ शिलालेखांत असतं. घर मी घातलं.

आत्या रडली. वडिलांनी पहिल्यांदाच चारचौघांत माझ्या पाठीवर हात ठेवला. मला त्या हाताची आजही लाज वाटते.

पुढच्याच वर्षी तिथल्या जमिनी सरकारी भूसंपादनात गेल्या. आजूबाजूच्यांनी सह्या केल्या, आत्याने नाही. नोटीस घेऊन येईल त्याला ती एकच सांगायची, "आमच्या दगडावर लिवलंय. माज्या भाचीनं वाचलंय." तिचा मुलगा नरेश आधी समजुतीने बोलला, मग चिडला, मग बायको-मुलांना घेऊन सुकापूरला राहायला गेला. मायलेकांचं बोलणं तुटलं. हे सगळं माझ्या कानावर येत होतं. आणि मी? मी अभ्यासाचं निमित्त काढून तिकडे जाणंच बंद केलं.

मग एका सकाळी नरेशचा फोन आला. शेतात भराव टाकायला मशीन आलं होतं, सोबत संपादनाचे साहेब आणि पोलीस. "आई दगडाजवल बसलीय, हलत नाय. तू ये न् साहेबाला वाचून दाखव. नाय तं तिला तरी समजाव." मी म्हटलं, आज माझी तोंडी परीक्षा आहे. नव्हती. दिवसभर मी विद्यापीठाच्या वाचनालयात बसून राहिले. लिपी शिकवणाऱ्या आमच्या बाई दोन टेबलं सोडून बसल्या होत्या. त्यांना एक शब्द सांगितला असता तर त्या तशाच निघाल्या असत्या, निदान दगड तरी कुठेतरी हलवून ठेवला असता. पण मग त्यांनी त्यावर काय आहे ते सांगितलं असतं — आत्यासमोर. गंमत बघा, जमीन बळकावणाऱ्याला दिलेली ती शिवी त्या दिवशी आत्याच्या कामाची होती. माझं गोड वाक्य नव्हतं.

आत्याने सांगितलं ते ऐकून साहेब हसला म्हणे. दोन महिला पोलिसांनी तिला दंडाला धरून उठवलं. दगड भरावाखाली गेला.

काही वर्षांनी नरेश तिला करंजाड्यात आपल्या नव्या फ्लॅटवर घेऊन आला. तिने मला कधी बोल लावला नाही. उलट शेजारणींना कौतुकाने सांगायची, "ही माजी भाची. जुनं वाचते."

मागच्या वर्षी तिने अंथरूण धरलं. एका दुपारी मी एकटीच तिच्याजवळ होते. छताकडे बघत ती म्हणाली, "आईनं सांगितलं व्हतं जमीन जायाची नाय. आईचं खोटं कसं व्हईल? माज्याच हातून काय तरी पाप झालं असंल." आणि ती एकेक आठवू लागली. एकदा बाहेरची असताना ती बांधावर गेली होती. एका वर्षी कोंबडा लहान घेतला होता. जावेला एकदा उपाशी उठवलं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "यातलं कंचं गो? तू वाचलंस, तुला म्हाईत असंल."

मी म्हटलं, "आत्या, झोप आता." तिची चादर सारखी केली.

ती आठ दिवसांनी गेली. त्या आठ दिवसांत मी दोनदा तिच्याजवळ बसले. दोन्ही वेळा ती आपली पापं आठवत होती, आणि दोन्ही वेळा मी गप्प राहिले.