आतोबांची फाल्गुनातली गौर

सरकारकडे पैसा नुसता पडून असतो, तो कुणाला द्यावा या काळजीने सरकारला झोप लागत नाही, आणि ती काळजी दूर करणं हे आपलं काम आहे, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या कर्जत-खालापुरात एकच होऊन गेला आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. आमचे आतोबा शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी भिसेगावातल्या घराच्या ओसरीवर टेबल टाकून त्यांनी एक कलामंडळ काढलं. ज्यांना कुणी स्टेजवर बोलावत नाही त्यांना स्टेजवर आणायचं आणि त्यासाठी अनुदान मिळवायचं, एवढाच मंडळाचा उद्देश. पण तो उद्देश त्यांनी मंडळाच्या नावातच घातला. ते नाव पाटीवर मावेना. पाटी ओसरीला वळसा घालून मागच्या अंगाला गेली आणि शेवटचा 'मंडळ' हा शब्द वाचायला न्हाणीघरापाशी जावं लागे.

अर्ज लिहून लिहून आतोबांची जीभही अर्जासारखीच झाली होती. आमटी अळणी झाली तर ते "सदरहू आमटीबाबत पुनर्विचार व्हावा" म्हणत, आणि आत्या "फेटाळला" म्हणून पातेलं उचलून आत नेई. कुणालाही वगळायचं नाही हा तर त्यांचा बाणाच होता. एकदा त्यांनी सीतास्वयंवर बसवलं. त्यात कडावचा दूधवाला, स्टेशनवरचा हमाल, चांभारआळीतली मंडळी, पलीकडच्या गल्लीतला कासार, ज्याने ज्याने इच्छा दाखवली आणि ज्याने दाखवली नाही त्यालाही राजा केलं. धनुष्य उचलायला आलेल्या राजांची रांग रस्त्यापर्यंत गेली. प्रयोगाच्या वेळी लक्षात आलं की गावात बघायला कुणी उरलेलंच नाही. तेव्हा हरलेल्या राजांनी मुकुट काढून समोर बसावं आणि टाळ्या वाजवाव्यात, असा तोडगा आतोबांनीच काढला. दूधवाला तर हरायच्या आधीच जाऊन बसला, कारण त्याला पुढची जागा हवी होती.

अशा माणसाच्या हातात एक दिवस सरकारी परिपत्रक पडलं. उपेक्षित समाजांच्या कलांना अनुदान मिळणार होतं. आतोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पळसदरीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, ठाकरांची एक वाडी होती आणि तिथल्या बायांचा गौरीचा नाच हे आतोबांचं खरं वेड होतं. भाद्रपदात वाडीत गौर आली की ते काठी टेकत वर जात आणि बायांची फेरी बघत दिवसभर तिथेच बसत. पण त्या वर्षी वाडीचा ढोल गेला होता. कातडं फाटलं होतं आणि लाकडाला वाळवी लागली होती. गौर बोळवताना बायांनी नुसत्या टाळ्यांवर नाच केला, तो बघून आतोबा जेवले नाहीत. वाडीतल्या म्हाताऱ्या बुधीबायला त्यांनी शब्द दिला, "पुढच्या गौरीला तुमच्या अंगणात नवा ढोल असेल."

अर्ज गेला, आणि नवल म्हणजे उत्तरही आलं. अनुदानाचे साहेब स्वतः येऊन नाच बघणार होते आणि मगच मंजुरी देणार होते. पण ते येणार होते मार्चमध्ये. आतोबांनी उलट कळवलं की गौर भाद्रपदात येते. साहेबांनी कळवलं की भाद्रपद पुढील आर्थिक वर्षात येतो, सबब त्याचा विचार करता येत नाही.

मी आतोबांना घेऊन वाडीवर गेलो. बुधीबाय तांदूळ पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"मास्तर, गौर घरात आल्याबिगर आमचा पाय नाय उचलत."

"पण साहेब मार्चमध्येच यायचे म्हणतात."

"मंग गौरीला इचारा, मार्चात येते का."

दुसऱ्या कुणी हा नकार मानला असता. आतोबांनी ती सूचना मानली. आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याची रोपं, आणि तेरडा उगवतो पावसात. तेव्हा मार्चमध्ये फुललेला तेरडा मिळाला की झालं, असा त्यांनी सरळ हिशेब केला. रानातून बी गोळा करून आणलं आणि ऐन थंडीत डालड्याच्या डब्यांत पेरलं. डबे माजघरात ठेवले. नुसतं पाणी घालून भागणार नव्हतं. श्रावण लागलाय असं रोपांना वाटलं पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी ते स्टुलावर उभे राहून झारीने पाऊस पाडत, आणि स्वतः भिजू नये म्हणून डोक्यावर इरलं घेत. मध्येच बेडकासारखा आवाज काढत. आत्याने पौषात कांदा-लसूण बंद करावा, असाही त्यांचा आग्रह होता, कारण वासावरून रोपांना संशय येईल. आत्या म्हणाली, "रोपांना येवो न येवो, मला तुमचा आलाय."

दूधवाला दाराशी आला की मान आत घालून म्हणे, "मास्तर, पाऊस तुमच्या घरातच पडतो का काय? थोडा आमच्या शेतावं पाठवा की रं!" एक एक करून रोपं मेली. आतोबांनी प्रत्येकाबद्दल हळहळ व्यक्त केली. फाल्गुन लागला तेव्हा एकच रोप उरलं होतं, वीतभर, काटकुळं, जरा वाकलेलं. आणि साहेब यायच्या आदल्या दिवशी त्याला एक फूल आलं. गुलाबी, चिमणीच्या पंखाएवढं. आतोबांनी ते आत्याला दाखवलं. आत्याने ते बघितलं आणि डब्याखाली पाट ठेवला.

साहेब आले. हातात बॅग, अंगात कोट, कपाळावर घाम. बुधीबाय वाडीच्या बाया घेऊन खाली आली, पण नाचायला नव्हे, खात्री करायला. ती डब्यासमोर उकिडवी बसली. पान चुरडून वास घेतला, फुलाला बोट लावलं. आतोबांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता.

"येळ चुकली बायची," बुधीबाय म्हणाली, "पन हाय गौरच. उन्हातानाची आलीय, हडकलीय किती! उठा गं!"

आणि बाया उठल्या. ढोल नव्हताच, कुणीतरी रॉकेलचा डबा आणला आणि त्यावर ठेका धरला. एकमेकींच्या कमरेत हात घालून फेरी सुरू झाली. आता वाडीची रीत अशी की अंगणात गौर असताना कुणी हाताची घडी घालून उभं राहायचं नाही. बाया फिरत फिरत आल्या आणि समोर जो सापडला त्याला आत ओढत गेल्या. दूधवाला गेला, आतोबा गेले, मी गेलो. साहेब बॅग छातीशी धरून भिंतीला टेकले होते. बुधीबायने त्यांचं मनगट धरलं. "सायेब, तुमी काय गौरीचं कुनी नाय का? चला रं!" साहेब गेले ते गेले. पहिल्या फेरीत चप्पल सुटली, दुसरीत कोट. नंतर तर ते असे रंगले की डबा थांबला तरी ते थांबेनात. दोघांनी धरून त्यांना ओसरीवर बसवावं लागलं. संध्याकाळी आत्याने गौरीची ओटी भरली आणि आम्ही तिला उल्हास नदीच्या डोहात पोचवून आलो. नदीला पाणी थोडंच होतं. आत्या डोळे पुसत होती, आणि कारण विचारलं तर धूळ गेली म्हणाली.

पंधरवड्याने निर्णय आला. 'प्रस्तुत अधिकारी प्रत्यक्ष नृत्यात सामील असल्याने नृत्याचे अवलोकन होऊ शकले नाही. सबब अनुदान नामंजूर.' आतोबांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि त्यानंतर टेबलाशी बसायचे बंद झाले. बुधीबाय करवंदं विकायला स्टेशनवर येई, तर ते रस्ता बदलत. शब्द दिला होता आणि ढोल काही देता आला नव्हता, हे त्यांना खात होतं. त्या पावसाळ्यात ते फार थकले.

भाद्रपद आला. गौरीच्या दिवशी आम्ही ओसरीवर कान देऊन बसलो, आणि डोंगरावरून टाळ्यांचासुद्धा आवाज आला नाही. आतोबा उठले. "माझ्यामुळे," एवढंच म्हणाले. मी त्यांना धरून वाडीवर नेलं. अंगणं सारवलेली होती, पण सुनी. बुधीबाय दारात बसली होती. आतोबांनी हात जोडले.

"बुधीबाय, ढोल नाही देऊ शकलो. तुमचा नाच बंद पडला."

बुधीबाय त्यांच्याकडे बघतच राहिली. "ढोलाचं काय घेऊन बसला, मास्तर? ढोल आज नाय तर उद्या व्हईल. गौर वर्सातून येकदाच माहेरी येते. यंदा तुमच्या घरी ऱ्हाऊन गेली ना! आता दोनदा कशी येईल?"

साऱ्या वाडीचा सण आपण डालड्याच्या डब्यात उगवून खर्च केला हे आतोबांना तेव्हा कळलं, आणि वाडीने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, हेही. उतरताना ते मला म्हणाले, "आपलं घर तिचं माहेर झालं रे." मग वाटेवर कितीतरी वेळ ते हसत होते आणि रडत होते.

पुढच्या उन्हाळ्यात करवंदं-जांभळं विकून वाडीने स्वतःच ढोल केला. आणि तेव्हापासून एक नवीनच रीत पडली. गौर आणायच्या दिवशी बाया ढोल आणि तेरड्याची मोळी घेऊन भिसेगावात उतरायच्या आणि बुधीबाय अंगणातून हाक द्यायची, "मास्तर, यंदा गौर तुमच्याकडं का आमच्याकडं?" विचारल्याशिवाय न्यायची कशी? आतोबा ओसरीवर येऊन गंभीरपणे सांगायचे, "तुमच्याकडे. मंजूर." मग बाया हसत हसत डोंगर चढायच्या.

आतोबा गेले त्या वर्षी मला वाटलं, आता कोण येतंय. पण ढोल वाजला. आत्या दारात गेली. घरात वर्षभर सण करायचा नव्हता. गल्लीतल्या बायका खिडकीतून बघत होत्या. बुधीबायने नेहमीसारखं विचारलं, फक्त आवाज खाली आणून. आत्या चौकट धरून उभी राहिली. मग म्हणाली,

"यंदा आमच्याकडे राहू दे गं."

खिडकीतून कुणीतरी म्हणालं की दुखवट्याच्या घरात गौर कशी. बुधीबायने तेरड्याची मोळी डोक्यावरून उतरवली आणि तिकडे न बघताच म्हणाली, "लेक अशाच वर्सी येते."