सान व्हेनान्झोच्या पाचरी

दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि नेरिना ट्रेलरच्या पोटाखाली पालथी पडून पोती ओढून काढत होती. फानोचं पोतं होतं. ओसिमोचं होतं. व्हास्तोचं होतं, त्याला वर्षभराचा चिखल तसाच होता. सान व्हेनान्झोचं नव्हतं.

"पोरी, काय मिळत नाही?" अल्चीदेने वरून विचारलं. अल्चीदे तिचा सासरा, पंचाहत्तरीला टेकलेला.

"सान व्हेनान्झो."

"आपण सान व्हेनान्झोतच आहोत."

"पोतं, बाबा. पाचरींचं पोतं."

म्हातारा वाकून ट्रेलरखाली बघू लागला. घोड्यांचा पाळणा घेऊन गावोगावी फिरणाऱ्या घरात त्याचा जन्म गेला होता. हे पोतं नसलं तर काय होतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

कुठलाच चौक सपाट नसतो. इथला चौक चर्चच्या पायरीपासून कारंज्याकडे उतरतो, आणि तोही सरळ नाही, एका कुशीवर. पाळण्याच्या पायांना स्क्रू असतात, पण या उताराला ते पुरत नाहीत. म्हणून नेरिनाचा नवरा दुइलियो याने प्रत्येक गावासाठी ओकच्या पाचरींचा वेगळा संच कापून ठेवला होता. एका गावाचा संच दुसऱ्या गावात चालत नाही. पोत्यावर काळ्या रंगात गावाचं नाव असे, आणि गाव सोडताना पहिल्यांदा पोतं मोजून बांधायचं, मग बाकीचं.

हे पोतं कुठे आहे, ते नेरिनाला आता नीट आठवलं. मागच्या हिवाळ्यात ते पो नदीकाठच्या तळावर होते. दुइलियो इस्पितळात होता. पाऊस लागून राहिला होता, राहत्या गाडीची चाकं चिखलात रुतायला लागली होती. हाताला जे पोतं आधी लागलं त्यातल्या पाचरी तिने चाकांखाली सरकवल्या. सान व्हेनान्झोला त्या वर्षी ते गेलेच नव्हते, म्हणून तेच पोतं सगळ्यांत पुढे होतं. मार्चमध्ये तिने गाडी सुरू केली, चाकं पाचरींवरून उतरली आणि ती निघाली. मागे वळून काय राहिलं ते बघायचं काम नेहमी दुइलियोचं होतं.

पाचरी तीनशे किलोमीटर मागे चिखलात होत्या. पालिकेची तपासणी साडेतीनला होती. हार्डवेअरचं एकमेव दुकान बाराला बंद झालं होतं. ते चारला उघडणार होतं.

ती ट्रेलरखालून बाहेर आली. तिची सात वर्षांची मुलगी आल्बा फ्रॉकच्या ओच्यात बोल्ट घेऊन उभी होती. आज तिला या गावच्या शाळेत बसवायचं होतं. या वर्षातली तिची ती कितवी शाळा, हे तिलाच पाठ होतं. पण बोल्ट द्यायला कुणीतरी हवं होतं. तीन वर्षांचा मिर्को पाळण्याच्या आगबंबाच्या आकाराच्या आसनात बसला होता. आगबंब अजून जमिनीवरच होता. पाळणेवाल्यांच्या घरांत हीच रीत असते, पहिलं आसन ट्रेलरमधून उतरलं की धाकट्याला त्यात बसवायचं, म्हणजे तो पायात येत नाही. त्याच्या हातात कोल्ह्याचं शेपूट होतं. पाळणा फिरताना हे शेपूट दोरीवरून मुलांच्या डोक्यावर नाचवतात, जो पकडेल त्याला एक फेरी फुकट. एरवी ते अल्चीदेच्या हातात असे. अलीकडे त्याचा हात असा कापायचा की मुलांना शेपूट पकडायला काही कष्ट पडत नसत.

चौकाच्या पलीकडे एर्मेस उभा होता. त्याचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते.

चौकावर याचा अर्थ एकच होतो. पाळणेवाले एकमेकांच्या उभारणीला हात लावतात, तशी पद्धतच आहे. पण ज्याने हात लावला त्याने पुढे ती जागा मागायची नाही. म्हणून ज्याला तुमची जागा हवी असते, तो आल्यापासून हात खिशात घालतो आणि सगळ्यांना दिसेल असा उभा राहतो. एर्मेस सकाळपासून असा उभा होता. त्याच्या टक्कर गाड्या होत्या, विजेची मोठी केबल त्याची होती आणि बाकीचे सगळे त्याच केबलवर होते. त्यामुळे बुढ्ढी के बाल विकणाराही हात खिशात घालून होता. नेमबाजीच्या दुकानातल्या माणसाने तर सिगारेटसुद्धा तोंडातून काढली नव्हती. राख त्याच्या शर्टावर पडत होती.

कारंज्याजवळची ही जागा अल्चीदेच्या बापापासून त्यांच्याकडे होती. चर्चमधून बाहेर पडणारं प्रत्येक पोर तिच्यासमोरून जातं. बाकीच्या जत्रा पोट भरतात, ही एक जत्रा हिवाळा काढून देते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दुइलियो छताची ताडपत्री बांधताना वरून पडला, पाठीवर, आणि ते आले नाहीत. एक वर्ष चुकलं तर माफ असतं. सलग दोन चुकली की जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. आणि इथे 'आले' म्हणजे गाव गाठलं असं नव्हे. तपासणीच्या वेळी पाळणा उभा हवा आणि फिरता हवा.

यादीत पुढे एर्मेस होता. त्याची मुलगी कातिया नुकतीच लग्न झालेली, पोटुशी. तिला लहान मुलांची आगगाडी घेऊन दिली होती आणि आगगाडीला जागा नव्हती.

नेरिना चौक ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एर्मेस, तुमच्या गाडीत ओकचे ठोकळे आहेत."

"आहेत."

"चारपर्यंत द्या. दुकान उघडलं की नवे आणून देते."

"दिले असते गं. पण दिले म्हणजे हात लावला."

"म्हणूनच मागतेय."

त्याला हसू आलं. "दुइलियो कसा आहे?"

"कठडा धरून चालतो."

"बरा होऊ दे." मग जरा थांबून तो म्हणाला, "हे बघ, तू भिंतीवाल्यांतली. बेकरीवाल्याची पोर. भिंतीवालीला एकटीने पाळणा उभा करता आला नाही तर त्यात लाज वाटायचं काही नाही. कुणी नावं ठेवणार नाही."

चाकांवर न राहणाऱ्या सगळ्या जगाला चौकावर भिंतीवाले म्हणतात. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तिला तेच म्हणत.

"नावं ठेवली तर चालतील," ती म्हणाली. "ठोकळे हवेत."

"ते सोडून काहीही माग."

ती लाकूड मागत गावात फिरली. गावात एक सुतार होता, तो वारला होता. न्हाव्याने दुकानाची फळी लावता लावता सांगितलं की त्याच्याकडे काठी आहे, पण पाल मारायची. इतरांच्या दारामागे ताटं वाजत होती, घंटी दाबली तरी कुणी उठत नव्हतं.

एकला इस्पितळातून दुइलियोचा फोन आला. तो जेवणानंतर रोज याच वेळी करायचा.

"उभा राहिला?"

"राहतोय."

"तिसरी पाचर उलटी बसते, लक्षात आहे ना? कारंज्याच्या बाजूची."

"आहे."

"तुझा आवाज असा का?"

"ट्रेलरखाली आहे."

ती ट्रेलरखाली नव्हती. राहत्या गाडीच्या दारात उभी राहून ती मुलांच्या पलंगाकडे बघत होती. वर आल्बा, खाली मिर्को, असा दुमजली पलंग. दुइलियोने स्वतः केलेला, जाड पाइनच्या फळ्यांचा. दुइलियो पातळ असं काही करायचाच नाही. पाइन मऊ असतं. पण जाड होतं आणि सरळ होतं, आणि तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. तिने गाद्या बाहेर टाकल्या आणि करवत घेतली.

"आई, तो माझा पलंग आहे," आल्बा म्हणाली.

"माहीत आहे."

"मग आधी मिर्कोचा काप. खालचा."

"दोन्ही लागणार आहेत."

आल्बाने विचार केला. "शिडी ठेव," ती म्हणाली.

"शिडीचं काय करशील?"

"माहीत नाही. ठेव."

पहिली फळी नेरिनाने गाडीच्या पायरीवर आडवी टाकली. अल्चीदेने दुसरं टोक धरलं, पण त्याच्या हातांबरोबर फळीही थरथरत होती आणि करवत अडकत होती. मग आल्बा फळीवर बसली. तिचं वजन पुरलं नाही, दर ओढीला ती फळीसकट सरकत होती. फळीवर तिनेच चिकटवलेली माशांची स्टिकरं होती; करवत त्यांच्यामधून गेली. तेवढ्यात मिर्कोला आगबंबातून हे दिसलं. काय कापलं जातंय हे त्याला उशिरा कळलं, पण कळल्यावर तो रडायला लागला, आणि रडणं चौकभर ऐकू जात होतं.

दोन वाजत आले. एक फळी झाली होती. सहा राहिल्या होत्या, आणि त्यानंतर सगळा पाळणा. नेरिनाने हिशेब केला आणि पुन्हा केला नाही. ती करवत ओढत राहिली. हे होणार नाही हे तिला ठाऊक होतं, पण थांबल्यावर काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

एर्मेसची बायको लोरेदाना आपल्या गाडीतून बाहेर आली. तिचेही हात खिशात होते, एप्रनच्या. ती जवळ येऊन उभी राहिली.

"हे काय कापतेस?"

"फळ्या."

"कशाच्या?"

नेरिनाने करवत थांबवली नाही. उत्तर आल्बाने दिलं. "माझ्या आणि मिर्कोच्या पलंगाच्या. शिडी ठेवलीय."

लोरेदानाने गाडीच्या दारातून आत बघितलं. जिथे पलंग होता तिथे भिंतीवर स्क्रूची भोकं दिसत होती. तिने एप्रनमधून उजवा हात बाहेर काढला आणि फळीच्या टोकावर ठेवला.

"लोरेदाना," एर्मेस चौकापलीकडून म्हणाला.

"काय?"

"हात."

"माझा आहे."

तो चालत आला, पण घाई न करता. "कातियाची जागा चालली."

"जाऊ दे."

"जाऊ दे? तूच वर्षभर कानीकपाळी ओरडत होतीस."

"ओरडत होते. पोरांचं अंथरूण कापून मोकळी झालेली जागा मी माझ्या पोरीला देणार नाही. पहिलं बाळंतपण तोंडावर असताना तर नाहीच."

"ती पाळण्यासाठी कापतेय. आपण कापायला सांगितलं नाही."

"ठोकळे तुझ्या गाडीत आहेत ना?"

एर्मेसने आपल्या गाडीकडे बघितलं.

"मग झालं," लोरेदाना म्हणाली आणि फळीवर गुडघा रोवला. नेरिनाकडे तिने अजून नीट बघितलंही नव्हतं. "तुझ्यासाठी करत नाही मी हे. बघतेस काय? ओढ."

नेरिनाने करवत ओढली. या वेळी फळी हलली नाही.

मग नेमबाजीवाल्याने सिगारेट तोंडातून काढली. बुढ्ढी के बालवाला हात पुसत आला, पुसण्यासारखं काही नसताना. टक्कर गाड्यांवरची दोन माणसं एर्मेसकडे बघत थोडा वेळ थांबली, आणि त्याने मान वळवल्यावर तीही मदतीला आली. पाचरी कापून पायांखाली गेल्या, मधला खांब उभा राहिला, आरे बसले, अल्चीदे कुठला बोल्ट कुठे ते नुसता बोटाने दाखवत होता आणि आल्बा नेऊन देत होती. मिर्कोसकट आगबंब उचलून जागेवर लावला तेव्हा तो रडता रडता झोपला होता, शेपूट गळ्याशी धरून. एर्मेस शेवटपर्यंत हात खिशात घालूनच उभा राहिला. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

साडेतीनला पालिकेचा इंजिनियर आला. त्याने चौथऱ्यावर सपाटी बघायची पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये होता. पाळणा फिरवायला लावला, तो फिरला. मग इंजिनियर वाकला आणि एका पाचरीत अंगठ्याचं नख दाबलं. नखाची खूण उमटली. शेजारी अर्धा मासा होता.

"हे पलंगाचं आहे का?"

"हो."

"रिकाम्या पाळण्याखाली ठीक आहे. मुलं बसल्यावर दबणार. उद्या सकाळी बदला, नऊला मी परत पाणसळ लावतो. तोवर तिकीट फाडायचं नाही."

"पण हजेरी?"

"पाळणा उभा आहे, फिरतोय. हजर आहात."

तो गेल्यावर ती चौथऱ्याच्या कडेला बसली. तिला वाटलं होतं की आता काहीतरी सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. दहा दिवसांनी हे सगळं उतरवायचं होतं, आणि पुढच्या गावात कुणाच्या बायकोने हात खिशातून काढावा अशी अपेक्षा धरता येणार नव्हती. दुइलियोने पुन्हा लोखंड उचलायचं नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. हे तिने अजून अल्चीदेला सांगितलं नव्हतं.

एर्मेस आला. "सकाळी सातला माझी माणसं जॅक घेऊन येतील. ओकचे ठोकळे देतो."

"दुपारी दिले असते तर पलंग राहिला असता."

"दुपारी मी जागा मागत होतो," तो म्हणाला. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं, आणि विचार केल्यावर तिलाही वाटलं नाही. चौकाची रीत तशीच होती.

समोर हार्डवेअरच्या दुकानाचं शटर वर गेलं.

संध्याकाळी दुइलियोचा पुन्हा फोन आला. तिसरी पाचर उलटी बसवलीस ना, असं त्याने विचारलं. बसवली, असं तिने सांगितलं. टेबल आणि शेगडीच्या मधल्या जागेत तिने दोन्ही गाद्या अंथरल्या. त्या पूर्ण मावल्या नाहीत, एक कड दुमडावी लागली. आल्बाने शिडी भिंतीला टेकवून ठेवली.

उद्या सातला जॅक येतील. आठ वाजून दहा मिनिटांनी चर्चमागच्या पिवळ्या इमारतीत आल्बाची शाळा भरते. नऊला इंजिनियर पाणसळ लावेल.