मेंढ्याचा खुराक आणि गोठ्यातली पंगत

"बाई, त्याला चड्डी शिवताय काय?" शेवंताकाकींनी विचारलं.

मी गुडघ्यांवर बसून त्यांच्या सात महिन्यांच्या मेंढ्याच्या अंडकोषाला शिंप्याची टेप गुंडाळत होते. कुंपणापलीकडे निम्मी वाडी जमली होती.

मी पोलादपूर भागातली पशुवैद्यक. नर वयात येतोय की नाही, हे या घेरावरून कळतं. घेर भरला एकवीस सेंटिमीटर. दीड महिन्यापूर्वीही एकवीसच होता. मला माझाच राग आला, कारण तेव्हापासूनचा खुराक मीच लिहून दिला होता.

काकींचा मुलगा संदीप मुंबईत नोकरीला. त्यानंच घाटावरून पाच माद्या आणि हा नर, तेव्हा दूधपितं कोकरू, आणला. आता त्याचा निरोप होता, नर कामाचा नसेल तर शिमग्याला कापू. शिमगा दीड महिन्यावर.

"बाटलीनं दूध पाजलंय मी त्याला," काकी म्हणाल्या. "माझ्या घशाखाली उतरायचं नाय."

आमच्याकडे पाऊस असा पडतो की मातीतले क्षार धुऊन जातात. पेंढ्यात जस्त कमी, म्हणजे झिंक कमी. झिंक कमी पडलं की कोवळ्या नराची वाढ खुंटते. म्हणून मी मिनरल मिक्श्चर दिलं होतं, रोज एक चमचा.

"पावडर रोज घालता?"

"एक दिवस चुकवला नाय."

"पूर्ण चमचा?"

"पूर्ण. वाटून."

"वाटून म्हणजे?"

काकींनी गोठ्याकडे बोट केलं. म्हैस, दोन बैल, पाच माद्या. "एवढी तोंडं बघत असताना ह्या एकट्याला कसा घालू? गोठ्यात पंक्तिभेद नाय करत आम्ही. म्हशीला जरा जास्त. ती दूध देते."

मी कपाळाला हात लावला आणि मग हसतच सुटले. मेंढ्याच्या वाट्याला नुसती चिमूट येत होती.

काकींशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. म्हशीबैलांसाठी मी त्यांच्या मिक्श्चरचा वेगळा डबा दिला. त्यातलं तांबं मेंढरांना बाधतं, म्हणून झाकणाला लाल दोरा बांधला. माद्यांना मात्र मेंढ्याचीच पावडर.

"आता सगळ्यांना वाढा," मी म्हटलं, "पण ज्याचं त्याला."

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात घेर पंचवीस भरला. काकींनी टेपलाच हात जोडले. मला तरीही धाकधूक होती. घेर वाढला म्हणजे काम जमलंच, असं नसतं.

संदीप दोन मित्र आणि मटण मसाला घेऊन आला. दुपारी मला त्याचा व्हिडिओ आला. मेंढा मादीच्या मागे लागलेला, काकी तोंडाला पदर लावून हसतायत, मित्रांचे चेहरे पडलेले. खाली लिहिलं होतं, "मॅडम, कॅन्सल."

मित्रांना वालाची उसळ मिळाली म्हणे.

पुस्तकात डोस एका जनावराचा असतो. मी आता तो लिहिण्याआधी विचारते, गोठ्यात जेवायला किती जण आहेत.