लीसआजींनी ओळखलेली रेघ

सिंगापूरला, चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन आला. समोरच्या फ्लॅटमधल्या लीसआजींकडे कामाला येणाऱ्या बाई बोलत होत्या. आजी झोपेतच गेल्या, चेहरा अगदी शांत आहे, म्हणाल्या. माझ्या तोंडून "बरं झालं" निघून गेलं आणि शेजारी बसलेला नागपूरचा सहकारी चमकून माझ्याकडे बघायला लागला. त्याला काय सांगणार? आता काही आठवडे उलटलेत, आठवण दाटून येते, पण त्या दोन शब्दांची मला लाज वाटत नाही. हेच वर्षभर आधी झालं असतं तर... नको, तो विचारही नको.

मरीन परेडला आम्ही राहायला आलो तेव्हा लीसबेथ ऐंशीच्या पुढे होत्या. उंच, ताठ चालणाऱ्या डच बाई. नवरा इथल्या बंदरात इंजिनिअर होता. तो गेल्यावरही त्या इथेच राहिल्या. मूलबाळ नव्हतं. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांना थालीपीठ नेऊन दिलं, दोघींना एकमेकींची भाषा येत नसतानाही तासभर गप्पा झाल्या, आणि त्या आमच्या सईच्या लीसआजी होऊन गेल्या. शाळेतून आल्यावर सई त्यांच्याकडे चित्रं रंगवत बसायची. स्वतःच्या देशाचा विषय निघाला की मात्र आजी "तिकडे फार थंडी" एवढंच म्हणायच्या आणि चहा ठेवायला उठायच्या.

सईला शाळेत जपानी राजवटीतल्या सिंगापूरबद्दल प्रोजेक्ट होतं. रंगवता रंगवता तिने आपल्या सिंगापुरी इंग्रजीत सहज विचारलं, "आजी, वॉरमध्ये युअर पापा विच साइड, आह?" मी तिथेच होते. आजी उठल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "द राँग वन." सई म्हणाली, "ओह. सॉरी लाह," आणि पुन्हा रंगवायला लागली. ती मोकळी झाली, आजी मात्र तो रिकामा ग्लास पुन्हा पुन्हा धूत राहिल्या.

दोनेक दिवसांनी आजी आणि मी समुद्रावर फिरायला गेलो तेव्हा एका बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे वडील लहान मुलांसाठी कविता लिहायचे. पावसात आपले बूट शोधत हिंडणाऱ्या एका बदकाच्या कविता तर त्या देशातल्या घराघरांत पाठ होत्या. वडिलांना मात्र ती कीर्ती पुरत नव्हती. त्यांनी मोठ्यांसाठी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांची टर उडवली गेली. मग एका फॅसिस्ट पक्षाने त्यांना व्यासपीठावर बोलावलं. "बदकाला टाळ्या मुलं वाजवायची, मादुरी," आजी म्हणाल्या. माझं नाव त्या असंच उच्चारायच्या. "इथे गणवेश घातलेली मोठी माणसं वाजवत होती. पपांना त्याची चटक लागली." ते भाषणं करू लागले, पक्षाचे पुढारी झाले, आणि जर्मनांनी देश ताब्यात घेतल्यावर कोणी लिहायचं, कोणी छापायचं हे ठरवणाऱ्या कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसले. घरी येऊन त्याच गणवेशात लेकीला बदकाच्या कविता वाचून दाखवत. "आणि आवाज तसाच गोड होता... तेच मला अजून कळत नाही."

बदकाची चित्रं काढणारे गृहस्थ वडिलांचे जिवलग मित्र होते. त्यांनी नव्या राजवटीचा परवाना घ्यायला नकार दिला. एके सकाळी वडिलांनी नाश्त्याच्या टेबलावर चोरून छापलेलं एक पत्रक ठेवलं. त्यावर जर्मन अधिकाऱ्यांची खिल्ली उडवणारं चित्र होतं, खाली नाव नव्हतं. छोट्या लीसबेथने ते पाहिलं आणि आनंदाने ओरडली, "हे तर बदकाच्या काकांनी काढलंय!"  वडिलांनी पत्रक घडी करून खिशात घातलं. त्याच आठवड्यात काकांना पकडून नेलं, आणि ते छळछावणीतून परत आले नाहीत. युद्ध संपल्यावर वडील तुरुंगात गेले, सुटून आले आणि कोणाशी न बोलता मेले. लीसबेथने लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलं आणि जितक्या लांब जाता येईल तितक्या लांब आली. वडील कोण होते ते नवऱ्याला माहीत होतं. नाश्त्याच्या टेबलाची गोष्ट मात्र त्यालाही नाही.

"नाव मी दिलं," त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून बसले. तुम्ही लहान होतात, असं मी म्हणाले असणार. त्याचा काही उपयोग झाला नाही.

हे त्या आत्ताच का बोलल्या, ते मग कळलं. तिकडच्या एका प्रकाशकाला बदकाच्या कवितांचं पुस्तक पुन्हा काढायचं होतं. त्यासाठी दोन मुलींची परवानगी हवी होती, कवीच्या आणि चित्रकाराच्या. चित्रकाराची मुलगी योहाना हयात होती. "तिला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," आजी म्हणाल्या, "आणि तिला हे सांगितल्याशिवाय विचारणार नाही. कॉल तू लावून दे. मला त्यातलं कळत नाही."

मी टॅबलेट त्यांच्या डायनिंग टेबलवर उभा केला. पडद्यावर जाड चष्म्याची एक म्हातारी आली. दोघी डचमध्ये बोलत होत्या, मला एक शब्द कळत नव्हता. आजी बोलत होत्या तेव्हा त्यांची मान खाली होती. त्यांचं बोलून झाल्यावर कललेला टॅबलेट सरळ करायला मी वाकले. योहानाबाईंनी मला पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही तिच्या मैत्रीण का? मग तुम्हीही ऐका." आणि मग आजींना म्हणाल्या, "लीसबेथ, तुझ्या वडिलांनी माझ्या वडिलांबरोबर एका टेबलावर बसून पुस्तकं केली. ती रेघ त्यांनी डोळे मिटूनसुद्धा ओळखली असती. त्यांना सांगायला मूल लागणार होतं का? अगं, पत्रक त्यांनी घरी आणलं तेच मुळी ओळखलं म्हणून!"

आजींनी मान वर केली. इतकी साधी गोष्ट... पण स्वतःची स्वतःला कुठे दिसते? त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त खुर्चीला पाठ टेकवली.

"तुझ्या वडिलांना मी माफ केलेलं नाही," योहानाबाई पुढे म्हणाल्या, "करणारही नाही. पण माझंही एक ऐक. माझ्या नातवंडांना मी ती बदकाची कविता म्हणून दाखवलीय, दार लावून, चोरासारखी. शब्द तुझ्या वडिलांचे होते ना." यावर आजींना जे हसू फुटलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. मग योहानाबाईही हसल्या.

पुस्तकाचं त्या दोघींनीच ठरवलं. मुखपृष्ठावर दोन्ही नावं सारख्या अक्षरांत, आणि एकाने दुसऱ्याचं काय केलं ते आत स्पष्ट छापायचं. "लहान मुलांच्या पुस्तकात?" प्रकाशक कचरला. आजींनी त्याला सुनावलं, "मुलांपासून लपवून काय होतं ते मला विचारा." शेवटी योहानाबाईंनी तोडगा काढला: आधी बदक, आणि शेवटी हे सगळं सांगणारं एक पान. त्यानंतर दोघी दर रविवारी दुपारी बोलत. आजी आदल्या दिवशी केस धुऊन ठेवत. पुलाउ उबीनला जायची टाळाटाळ करणाऱ्या आजी आमच्याबरोबर बमबोट नावाच्या छोट्या होडीत बसून त्या बेटावर आल्या आणि भाड्याने सायकली देणाऱ्या माणसाशी "मला का नाही देत?" म्हणून भांडल्या. त्यांचं शेवटचं वर्ष असं गेलं.

त्या गेल्याचं योहानाबाईंना मीच कळवलं.  त्यांनी विचारलं, "आता रविवारी मी कोणाला फोन करू?" मी म्हटलं, "आम्हाला करा."

तसा दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. पुस्तक छापून आलं ते आजींना बघायला मिळालं नाही, आमच्याकडे मात्र पोचलं. सईने ते शेवटच्या पानासकट योहानाबाईंकडून समजून घेतलं, आणि आता ती बदकाची पहिली कविता डचमध्ये पाठ करतेय. परवा एका शब्दाशी तिची जीभ अडखळली. "यू से वन टाइम फर्स्ट, लाह," सई म्हणाली. योहानाबाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला, आणि दार सताड उघडं टाकून बसलेली ती म्हातारी खणखणीत आवाजात ती कविता म्हणू लागली.