गुरुवारचे आकडे

वावाऊ बेटावरच्या त्या लहानशा दवाखान्यात नर्स फुसी समोर बसलेल्या लोसालीनेची वही पुन्हा पुन्हा चाळत होती. रक्तदाब एकशे अठरा. दुसऱ्या दिवशी एकशे चौऱ्याण्णव. एका मंगळवारी तर सकाळी शंभर आणि दुपारी एकशे सत्तर.

"मावशी, गोळी रोज घेता ना?"

"चर्चची पहिली घंटा झाली की घेते. एक दिवस चुकलेला नाही."

"मग हे असं वरखाली का होतंय? डॉक्टरांना सांगून गोळी वाढवावी लागणार."

लोसालीनेला काही उमगेना. त्रेसष्टाव्या वर्षी तिने पहिल्यांदाच कुणाचं ऐकून नेमाने वही ठेवली होती, आणि आता वहीच तिच्यावर उलटली होती. फुसीने तिच्या दंडाला पट्टा बांधून मोजलं, तर आकडा एकशे अठ्ठावीस. आता गोंधळायची पाळी फुसीची होती.

"ही वही तुमचीच ना?"

"माझीच की. म्हणजे, माझी आणि सगळ्यांची."

फुसीने कपाळावर हात मारला.

झालं होतं असं. ऑकलंडच्या मुलीने आईला रक्तदाब मोजायचं यंत्र धाडलं. लोसालीनेने ते पडवीतल्या मेजावर ठेवलं, शेजारी वही आणि पेन. वाटेने जाणारा-येणारा डोकावायचा, दंड पुढे करायचा, आकडा लिहायचा आणि गप्पा मारून जायचा. नाव लिहावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. लोसालीने विधवा, घरात एकटी. तिला ही वर्दळ आवडायची.

"पण यातले हे तीन आकडे बघा," फुसी म्हणाली. "एकशे चौऱ्याण्णव, एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे दोन. हे ज्याचे असतील तो माणूस उद्या उभ्या-उभ्या कोसळेल. कोण आहे तो?"

कोण आहे, हे लोसालीनेला आठवेना. ती यंत्र पिशवीत घालून घरोघर फिरली. शेजारीण हेपिसिपा दंड पुढे करत म्हणाली, "माझाच असणार बघ. माझ्या नवऱ्याशी संसार केला की दोनशे काय, तीनशे होईल!" तिचा निघाला एकशे बत्तीस. पाद्रीबुवांचा ठीक, दुकानवाल्याचा ठीक. नऊ घरं झाली. धनी नसलेले आकडे तसेच राहिले. लोसालीनेला वाटायला लागलं, आपणच वेंधळ्यासारखं काहीतरी चुकीचं वाचतोय.

संध्याकाळी चष्मा लावून तिने तारखा पाहिल्या. तिन्ही गुरुवार. गुरुवारी तर ती दिवसभर बायकांबरोबर चटया विणायला जाते. म्हणजे घरी कुणी नसताना कोण येतं? मग अक्षर पाहिलं. नऊच्या आकड्याची शेपटी लांब, डावीकडे वळलेली. ही शेपटी तिने लहानपणी शाळेच्या पाटीवर पाहिली होती.

विलिसोनी. तिचा धाकटा भाऊ. गुरुवारी ती नसताना येऊन तो पावसाच्या टाकीची पन्हळ साफ करून जायचा.

आता पंचाईत अशी, की भावाशी हे बोलणार कसं? त्या बेटावरच्या रीतीने भावाबहिणीत देहाच्या गोष्टी निघत नाहीत. वयात आल्यापासून दोघं कधी एका खोलीत बसले नव्हते. ती भावजयीकडे, सिआलेकडे गेली आणि दाराबाहेर उभी राहून पुटपुटली, "तुझ्या माणसाला फुसीकडे ने. आजच. का ते तीच सांगेल."

"अहो वन्सं, काय केलं त्याने?"

"काही नाही गं. नऊ लिहिला."

सिआले तोंड उघडं टाकून बघतच राहिली. पण नणंदेचा शब्द मोडायची तिथे रीत नव्हती. विलिसोनी कुरकुरत गेला. आकडा एकशे शहाण्णव. रक्त तपासलं तेव्हा साखरही वाढलेली, मूत्रपिंडावर नुकताच ताण यायला लागलेला. डॉक्टर म्हणाले, आता आलात ते बरं झालं, वर्षभराने आला असतात तर हाती फार काही उरलं नसतं.

"तीनदा बघितलंस आणि कुणाला सांगितलं नाहीस?" बायकोने त्याला फैलावर घेतलं.

"मला वाटलं, यंत्र बिघडलंय," तो म्हणाला. "म्हणून तर दर गुरुवारी पुन्हा बघत होतो. ताईला कसं सांगू, तुझ्या पोरीने धाडलेलं यंत्र खराब आहे म्हणून?"

सिआलेने हे नणंदेला जसंच्या तसं सांगितलं. लोसालीने आधी हसली, मग डोळे पुसू लागली. रागवावं की देवाचे आभार मानावेत, हेच तिला कळेना.

पुढच्या सोमवारी फुसीने गावात चौदा वह्या वाटल्या, प्रत्येकीवर नाव घालून. विलिसोनीने मीठ आणि डब्यातलं खारं मांस कमी केलं, गोळी सुरू केली. चार महिन्यांत आकडा एकशे चाळिसावर आला.