गरभारचा रकाना

"बाबू, माही गरभार आहे आन् तू मले नवव्या दिवशी पाणी देऊन राहिला?"

अनुसयाबाई दारातच उभ्या होत्या. वय सत्तरीच्या पुढचं. हातात, मी सकाळीच भिंतीला चिकटवलेली पाण्याच्या पाळ्यांची यादी. ती ओढताना भिंतीचे पोपडेही सोबत आले होते. मी लॅपटॉप मिटला, आवाज शक्य तितका मऊ केला आणि विचारलं, "कोण, सून का? कितवा महिना?"

खोलीत चौघेजण बसले होते. ते आधी एकमेकांकडे बघायला लागले. मग असे हसले, की एकाला पाणी द्यावं लागलं.

"सून नाई रे बाप्पा, बांधी! माही बांधी!"

बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. एवढं मलाही ठाऊक होतं. मी भंडाऱ्याचाच, पण वडील शाळेत मास्तर, त्यामुळे धान ताटात आला की मगच मला ओळखता येतो.

आंबागडच्या बाजूच्या या गावात तलावाचं पाणी पाळीपाळीनं वाटायचं काम शेतकऱ्यांची संस्था करते. ते कम्प्युटरवर आणायचं काम आमच्या छोट्या कंपनीला मिळालं होतं. आजवर सगळं डोमाजीभाऊंच्या रजिस्टरवर चालायचं. तलावाचं दार उघडणारे आणि लावणारे तेच. रजिस्टरात नाव, गट नंबर, किती एकर, आणि शेवटी 'शेरा'.

आमच्या धंद्यात 'इन्फर्मेशन सिस्टिम' म्हणतात ती नुसती कम्प्युटरची नसते. माणसं, त्यांचे नियम, कागद, सवयी, हे सगळं मिळून सिस्टिम. कॉलेजात हे पहिल्याच तासाला शिकवलं होतं. त्या तासाला मी होतो, याचा पुरावा फक्त हजेरीपटात सापडेल.

जुनी माहिती भरण्याआधी तिच्यातला कचरा काढतात, त्याला आम्ही डेटा क्लीनिंग म्हणतो. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: अनुसयाबाई, गरभार. ठीक आहे, घरात कोणी असेल. पुढे आणखी काही नावं, गरभार. मग संस्थेचे अध्यक्ष, गरभार. मी विचार केला, ज्या घरी बाळंतपण आहे त्यांना पाण्यात सवलत देत असतील. किती चांगली पद्धत! पण ही लोकांची खासगी माहिती, कम्प्युटरवर ठेवणं बरं नव्हे. मी रकानाच उडवला. बैठकीत छाती काढून सांगितलं, "शेऱ्यातल्या घरगुती गोष्टी मी काढून टाकल्या आहेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोण कोणाशी बांधावरून भांडलं ते काढलं असेल, असं त्यांना वाटलं. डोमाजीभाऊ तेवढे म्हणाले, "शेरा कामाचा रायते, साहेब."

"भाऊ, आता सगळं ऑटोमॅटिक."

ऑटोमॅटिक म्हणजे गट नंबरच्या क्रमानं. शिवाय कोणी लबाडी करू नये म्हणून क्रम बदलायची सोयच मी ठेवली नव्हती.

अनुसयाबाईंनी मला बांधीवर नेलं. डोमाजीभाऊ मागून आले. पावसानं पंधरवडाभर तोंड दाखवलं नव्हतं. चिखलाला बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. बाई वाकल्या, धानाचा एक धांडा निवडला, त्याला "माफ करजो माय" म्हणाल्या आणि मोडला. नखानं सोलून माझ्यापुढे धरला. आत लोंब होती. फिकट, ओलसर, घडी घालून ठेवल्यासारखी.

"हलका धान आहे माहा. सगळ्याच्या आंधी गरभार होते. आता पाणी नाई भेटलं तं लोंब भाईर येईन, पण दाना भरत नाई."

"आणि नवव्या दिवशी दिलं तर?"

"तं तनस भिजन, बाबू." तनस म्हणजे दाण्याविना उरलेला पेंढा.

बाई एकट्या राहायच्या. वर्षाचे तांदूळ याच बांधीतून निघायचे. मोडलेला धांडा त्यांनी फेकला नाही, कमरेला खोचला.

मी तिथूनच कंपनीतल्या साहेबांना फोन लावला.

"सर, यादीचा क्रम बदलायचाय. आजच."

"क्लायंटनं सही केलीय ना?"

"केलीय."

"मग त्यांना चेंज रिक्वेस्ट पाठवू दे. पुढच्या आठवड्यात बघू."

चेंज रिक्वेस्ट म्हणजे केलेलं काम बदलून मागायचा अर्ज.

"सर, धान गरभार आहे."

"तुझी तब्येत बरी आहे ना?"

त्या दुपारची पाळी शेजारच्या बांधीवरच्या गणपतरावांची होती. डोमाजीभाऊंनी त्यांना बांधावरूनच हाक मारली. "गणपत, तुहा धान कसा आहे?"

"भारी आहे ना जी, उशिराचा. त्याचं तं आतालोक लगन बी नाई लागलं!" गणपतराव ओरडले. "बाईले देऊन टाका आंधी."

माझ्या यादीवर डोमाजीभाऊंनी पेनानं दोन नावांची अदलाबदल केली. सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील. ते सॉफ्टवेअर लिहायला मला तीन महिने लागले होते. तासाभरानं पाणी बांधीत शिरलं. भेगांतून बुडबुडे येत होते आणि अनुसयाबाई घोटाभर पाण्यात उभ्या राहून, लेकराला जेवताना बघावं तशा बघत होत्या.

दिवाळीच्या सुमारास डोमाजीभाऊंचा फोन आला. "बाईचा धान भरला," एवढंच बोलले आणि ठेवला.

आता सॉफ्टवेअरमध्ये 'गरभार' असा एक चौकोन आहे. तो टिक केला की ती बांधी यादीत वर जाते. टिक करायचा अधिकार फक्त डोमाजीभाऊंना आहे, आणि त्याआधी ते प्रत्येक बांधीत उतरून एक धांडा सोलून बघतात. ते काम सॉफ्टवेअरला जमत नाही, तसं आम्ही लेखी कळवलं आहे.

मी एक सवय लावून घेतली. कोणाच्याही रजिस्टरात न कळलेला शब्द दिसला, की खोडण्याआधी विचारतो. लोक हसतात. हसू देत, हसण्यानं कोणाचा धान वाळत नाही.