गरी घेतलेल्या माणसाला विचारू नये

तमाम नागरिकांना कळविण्यात येते की, खांद्यावर गरी टाकून निघालेल्या इसमास ‘कुठी जाऊन राहिले?’ असे विचारणे हा कुडव्यातल्या आमच्या गल्लीत अत्यंत गंभीर गुन्हा होता. कुणाची कोंबडी पळवली तर चार शिव्यांवर भागायचं. हा प्रश्न मात्र माफ नव्हता. विचारलं की त्या दिवशी मासा लागत नाही, ही सगळ्यांची पक्की खात्री. विचारलेला माणूस तिथूनच माघारी फिरायचा, गरी दारामागे उभी करायचा आणि विचारणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसायचा.

गरी म्हणजे बांबूची काठी, दोरी, गळ आणि मोरपिसाच्या दांडीचा तरंगा. आमच्या घरी ती वडिलांची. ते राइस मिलमध्ये कामाला होते, पण त्यांचं पंचांग पाण्यावर चालायचं. आषाढात तलावाचं पाणी चहासारखं होतं, माशाला गळाला लावलेली गोळी दिसत नाही. तेव्हा नाल्याच्या तोंडाशी बसायचं. भादव्यात फुगलेल्या वैनगंगेच्या नादी लागायचं नाही. थंडीत मासा खोल जातो, पाठीला ऊन लागेपर्यंत तरंगा हलत नाही. उन्हाळ्यात तलाव आटतो, मग नदीचा डोह गाठायचा. तिथं मरळ श्वास घ्यायला वर येते. आणि सगळ्यांत राजेशाही दिवस आश्विनातले. तलाव निवळतो आणि रोहू कणकेच्या गोळीवर सरळ चालून येतो. आई कधी तलावावर गेली नाही, पण पिशवीत काय आलं ते बघून ती पाणी कसं आहे हे सांगायची.

या नियमाचा मी केलेला उपयोग मात्र गल्लीच्या इतिहासात अजोड आहे. १९९९ साली तिरोड्याला एक मुलगी होती. मी गरी खांद्यावर टाकून निघायचो आणि कुणाची विचारायची टाप नसायची. संध्याकाळी रिकाम्या हातानं परत.

“तुह्या पोराले मासा काऊन लागत नाही बे?” शेजारचे काका वडिलांना डिवचायचे.

माझ्या लग्नाच्या मांडवात वडिलांनी काकांना बाजूला घेतलं आणि तिरोड्याच्या नव्या सुनेकडे बोट दाखवलं. “लागला ना आता?”

दहाएक वर्षांनी वडील विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग जेवण झालं की नाही ते, मग घर कोणतं ते. गरी विसरले नाहीत. वैशाखातल्या एका सकाळी ते निघाले आणि दुपार झाली तरी आले नाहीत. मी गाडी काढली. रस्त्यावर ज्याला त्याला ते दिसले होते. पानटपरीवाल्यानं तर फुलचूरच्या रस्त्यानं तलावाकडे जाताना पाहिलं होतं.

“मग थांबवलं काऊन नाही?”

“खांद्यावर गरी होती ना भाऊ. कसं हटकू?”

ते कोरड्या तलावात सापडले. भेगा पडलेल्या चिखलावर तरंगा आडवा पडला होता आणि वडील त्याच्याकडे टक लावून बसले होते. ओठ फुटलेले, टाळू तापलेली. मी हाक मारली तर म्हणाले, “हळू बोल. मासा बिचकते.”

त्या संध्याकाळी मी गल्लीत घरोघरी गेलो. म्हटलं, आजपासून गुन्हा माफ. दिसले की विचारा. गल्लीनं इमान राखलं. वडील फाटकाबाहेर पडले की काका ओट्यावरून विचारायचे, “कुठी जाऊन राहिले?” काका नसले तर काकू, नाहीतर भाजीवाला. वडील थबकायचे, वळायचे, शिव्या घालत गरी दारामागे ठेवायचे. थोड्या वेळानं हे विसरून पुन्हा निघायचे. पुन्हा प्रश्न. माझ्या बंदोबस्ताचं मलाच फार कौतुक वाटायचं. ते कुठे हरवले नाहीत, पडले नाहीत.

पावसाळ्यात त्यांनी शिव्या देणं सोडलं. मग जेवण निम्म्यावर आलं. एकदा गरी ठेवताना ते आईला म्हणाले, “माह्याच मागं काऊन लागले सारे?” सुपातल्या तांदळात आईचा हात तसाच राहिला.

आश्विनात एका सकाळी दूधवाला सांगून गेला की तलाव आरशासारखा झालाय. मी दात घासत होतो. वडील गरी घेऊन फाटकापाशी पोचले होते. ओट्यावर काकांनी पेपर खाली ठेवला आणि नेमून दिलेल्या कामासाठी घसा खाकरला. तेवढ्यात आई घाईघाईनं बाहेर आली. पायांत चपला, हातात पाण्याची बाटली आणि कणकेचा गोळा. नवऱ्याच्या मागे चालायला निघालेली ती बाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आज नोका विचारू जी कोणी. पाणी निवळलं हाये.”